डोळ्यातला थेंब आणि आईची नाडी

गेल्या पावसाळ्यात आई बाथरूमच्या दारात खाली बसली, म्हणजे पडली नाही, चौकट धरून हळूच टेकली आणि म्हणाली, "अगं काही नाही, जरा गरगरलं." आदल्या दिवशी आषाढी होती, ती काय उपास सोडणार नाही, त्यामुळे सगळा दोष साबुदाण्यावर ढकलून आम्ही लिंबू सरबत पाजलं आणि विषय संपला. चार दिवसांनी परत तेच, वर जिना चढताना धाप.

आमचे फॅमिली डॉक्टर जुन्या वळणाचे, आधी मनगट धरतात मग बोलतात. घड्याळाकडे बघत बसले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ, आणि म्हणाले, नाडी मिनिटाला 44, फारच कमी. ईसीजी काढला. गोळ्या कुठल्या चालू आहेत विचारलं तर आईने बीपीची मेटोप्रोलॉल आणि थायरॉईडची सांगितली. बास? बास. मग त्यांनीच विचारलं, "काकू, डोळ्यात काही घालता का?"

घालते की! काचबिंदूचे थेंब, टिमोलॉल, दोन महिने झाले होते, फ्रीजच्या दारात लिंबांशेजारी बाटली. पण थेंबाला औषध कोण मोजतं हो, औषध म्हणजे गोळी. डोळ्यांच्या दवाखान्यात दमा आहे का विचारलं होतं, नाही म्हणालो, बीपीच्या गोळीचं नाव आमच्या तोंडून निघालंच नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. आणि टिमोलॉल नि मेटोप्रोलॉल एकाच घरातली भावंडं निघाली, दोन्ही बीटा ब्लॉकर, दोन्ही हृदयाचा वेग कमी करणारी.

एवढासा थेंब हृदयापर्यंत जातो कसा, तर डोळ्यात एक अख्खा थेंबसुद्धा मावत नाही. उरलेला नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकातून नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात, गोळीसारखा आधी लिव्हरमधून गाळून येत नाही. आई रोज म्हणायची की थेंब घातला की घशात कडू लागतं, आम्ही हसायचो. त्यात ती दोन-दोन थेंब घालत होती, "एक आत गेला का बाहेर, कळत नाही ना." दम्याच्या पेशंटला तर याच थेंबाने श्वास कोंडू शकतो.

डॉक्टरांनी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. मनाने बंद करू नका हे दोनदा बजावलं, कारण काचबिंदूत डोळ्यातलं प्रेशर वाढलं तरी दुखत नाही, कळतच नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. आईचं 28 होतं, साधारण 10 ते 21 मध्ये असावं लागतं. टिमोलॉल बदलून लॅटानोप्रोस्ट दिलं, रात्री एकच थेंब, मग डोळा मिटून कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. हे दाबायचं पहिल्या दिवशीच कोणी सांगितलं असतं तर! आठवड्यात नाडी 62.

मग मी रात्री जागून वाचत बसले, नसतं बसायचं पण बसले. मायग्रेनसाठी देतात ती टोपिरामेट, तिने क्वचित दोन्ही डोळ्यांचं प्रेशर एकदम चढतं, लांबचं अचानक धूसर. आणि एक तर भलतंच, क्वचित काचबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यातलं पाणी पुढे यायचं सोडून मागे साठतं, तिथे काचबिंदूचं जुनं औषध पिलोकार्पिन उलट त्रास वाढवतं आणि ज्या अ‍ॅट्रोपीनला एरवी अरुंद कोनाच्या काचबिंदूत, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाटच अरुंद असते त्यात, लांब ठेवतात तेच कामाला येतं. 1869 पासून डॉक्टरांना माहीत आहे म्हणे ही उलटी गंगा.

आता आईच्या पर्समध्ये गोळ्यांच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर थेंबांचं नाव आहे, माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा. लॅटानोप्रोस्टचीही गंमत आहेच, पापण्यांचे केस लांब आणि दाट झालेत. परवा लग्नात मावशी कानात विचारत होती, "ताईने या वयात काय लावायला सुरुवात केलीय गं?"