आमची वाटचाल : एवाय चिपच्या जिवावर

घरी जोडून वाजवायच्या आमच्या किटचा सगळा जीव आवाज काढणाऱ्या एकाच चिपमध्ये आहे, जनरल इन्स्ट्रुमेंटची एवाय-3-8910. 40 पाय, स्वरांचे तीन चॅनेल, एक नॉइज (खरखर), एक एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार). जाणकारांना याहून जास्त सांगायला नको. तिची यामाहा आवृत्ती वायएम2149 अटारी एसटी या जुन्या संगणकात होती, तिचीच 28 पायांची बहीण 8912 स्पेक्ट्रम 128 या संगणकात. आता यातली कुठलीच बनत नाही. बाजारात फिरतो तो बहुतेक माल जुन्या बोर्डांवरून उपटलेला, आणि तिथेच आमचा गळा आवळला गेला.

पुण्याच्या तपकीर गल्लीत रेझिस्टर, कपॅसिटर, सॉकेट हवे तेवढे मिळतात. या चिप मात्र बाहेरून मागवाव्या लागतात. एका व्यापाऱ्याने 'टेस्टेड' म्हणून अख्खा लॉट आमच्या गळ्यात मारला. छपाई कोरी करकरीत, पाय नव्याने कथिलात बुडवलेले. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला की अक्षरं बोळ्यावर, म्हणजे जुन्या चिपवर नवं नाव छापलेलं! पैसे आगाऊ गेलेले, बोर्ड छापून आलेले, किटची नोंदणी झालेली. त्याने फोन उचलणं बंद केलं आणि आम्हाला भाड्याचा गाळा सोडावा लागला. नाव घेत नाही, पण विसरलोही नाही. त्या लॉटमधल्या बऱ्याच यामाहा निघाल्या, त्या वाजायला झकास. बाकीच्या मुक्या.

तेव्हापासून प्रत्येक चिप झिफ सॉकेटमधून (दांडी उचलून चिप सहज काढता-घालता येते असं सॉकेट) जाते. चिपच्या रजिस्टर 1 मध्ये (आकडा साठवायचा कप्पा) 255 लिहायचे आणि परत वाचायचे. एवाय या रजिस्टरचे न वापरलेले वरचे चार बिट शून्य करून 15 देते, यामाहा 255 जसेच्या तसे देते. तिसरंच काही आलं तर चिप बाजूला. वाचताना चिपच्या नियंत्रणाच्या पायांपैकी बीसी2 कायम 5 व्होल्टला, बीसी1 हाय (5 व्होल्ट), बीडीआयआर लो (0). त्याआधी चिप चालवणाऱ्या अर्डुइनो या छोट्या बोर्डाचे डेटा पाय इनपुट करा, नाहीतर दोन आउटपुट एकमेकांना भिडतात. चिपला ठोके देणाऱ्या 2 मेगाहर्ट्झच्या क्लॉकला वेगळा क्रिस्टल लागत नाही. 16 मेगाहर्ट्झच्या अर्डुइनो ऊनोवर टायमर 2 सीटीसीत (ठरल्या आकड्यापर्यंत मोजून पुन्हा शून्यावर), टॉगलवर (दर वेळी पाय उलटा), आणि तो आकडा, म्हणजे ओसीआर2ए, 3. क्लॉक ऊनोच्या पाय 11 वर मिळतो.

त्या पडत्या काळात टिकलो ते मिरजेच्या एका तंबोरा जुळवणाऱ्या काकांमुळे. त्यांना काळी एकची सूरपेटी हवी होती. आम्ही नेहमीच्या कोष्टकातून षड्जाला 451 आणि पंचमाला 301 हे भाजक (क्लॉकला भागून स्वर काढणारे आकडे) घालून दिले. काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अहो, पंचम हलतोय तुमचा." खरंच हलत होता, सेकंदाला जवळजवळ एकदा आवाज लाटेसारखा कमी-जास्त. कोष्टक समस्वरित सप्तकाचं (बारा सारख्या पायऱ्यांचं), आणि काकांचा कान पंचम-षड्जाच्या शुद्ध 3:2 प्रमाणाचा. वारंवारता म्हणजे क्लॉक भागिले (16 गुणिले भाजक). म्हणून षड्ज 450, पंचम 300 आणि खर्ज 900 केला. षड्ज 277.18 ऐवजी 277.78 हर्ट्झ झाला, चार सेंटचाही (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक नाही, पण पंचम ठार स्थिर. ज्यांना सूरपेटी करायची आहे त्यांनी षड्जाचा भाजक तीनने भाग जाणारा घ्यावा. काका अजून पेट्या नेतात आणि दरात घासाघीस करत नाहीत.

पुढची वर्षं बरी गेली.

मग आमच्याच बोर्डाची नक्कल उतरवून स्वस्तात विकणारे उभे राहिले. उतरवला तर उतरवला, पण नीट तरी उतरवायचा! चिपला वीज देणाऱ्या 40 नंबरच्या पायाजवळचा 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गाळला आणि ऑडिओची तार क्लॉकला खेटून नेली. वर कोड असा की सेकंदाला 50 वेळा सगळी 14 रजिस्टरं लिहितो. रजिस्टर 13 ला तेच मूल्य पुन्हा लिहिलं तरी एन्व्हलप पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे लांब स्वर ओसरायच्या आत पुन्हा उसळतो आणि नुसता गुरगुराट ऐकू येतो. गिऱ्हाईक म्हणतं चिप खराब, आणि दुरुस्तीला येतं आमच्याकडे. आकार बदलायचा असेल किंवा स्वर नव्याने छेडायचा असेल तेव्हाच 13 ला हात लावावा. त्यांच्या कोडमधली दर वेळी 13 ला लिहिणारी ओळ आम्ही फुकट बदलून देतो. कपॅसिटरचे पैसे घेतो.