मान टाकलेलं अंजीर

ऐरोलीच्या आमच्या फ्लॅटला जी बाल्कनी आहे तिला बाल्कनी म्हणणं जरा जास्तच होईल, ग्रिल दोन फूट बाहेर काढलंय एवढंच, पण त्यात 20 लिटरच्या पेंटच्या बादलीत एक अंजीर आहे आणि नातेवाइकांच्या फोनवर माझ्याआधी त्याची चौकशी होते. मामाच्या मळ्यातलं आहे ना ते! दिवे घाट चढून गेलं की पुढे पुरंदर तालुक्यात त्याची बाग आहे. चार वर्षांपूर्वी तिकडे छाटणी चालू होती, खाली पडलेली वीतभर काडी उचलली, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि बादलीत खोचली, दोन डोळे मातीत, बाकीचे वर. महिन्याभरात पान. अंजिराची काडी इतकी सहज लागते की त्यात माझं कर्तृत्व शून्य, तरी मी सोसायटीत भाव खाऊन घेतला.

मामा मात्र म्हणाला, "खाडीकाठी अंजीर? तांबेऱ्याला आवतणच दिलंस की रे." आणि आलाच तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. आपल्याकडची अंजिराची जात पूना, तिला कोरडी हवा लागते, पाण्याचा निचरा लागतो, आणि आमच्याकडे जुलैत चादर चार दिवस वाळत नाही. पानं उलटी करून बघितली तर खाली नारिंगी पूड, आठवड्यात अर्धं झाड बोडकं. आजारी पानं वेचून फेकत राहिलो, दुसरं काय करणार.

दोन वर्षं फळच नाही. मग एका दिवाळीला पंधरा दिवस गावी गेलो, शेजारी पाणी घालायला विसरले, येऊन बघतो तर नुसत्या काड्या. बायकोने बादली कुंड्यांच्या मागे सरकवली सुद्धा. मी फोन लावला तर मामा खूश, "ताण बसला आपोआप! आता शेंडे छाट, शेणखत घाल न् पाणी सोड." बागेत उन्हाळी फळांसाठी मीठा बहर धरतात तो असाच, आधी पाणी तोडायचं मग छाटणी, कारण फळ नव्या फुटीवर येतं. आमच्या शेजाऱ्यांच्या विसराळूपणाला शेतीत शास्त्र म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

फुटीच्या बगलेत हिरवे मणी दिसायला लागले. फूल कधी आलं असं मुलगी विचारत होती. उंबराचा भाऊबंद हा, फुलं सगळी आतच. (मामाकडे वर्षभर गेलो नाही की "उंबराचं फूल झालास" हे ऐकावं लागतंच.) ते अंजिरात मेलेली माशी असते म्हणून दर श्रावणात व्हॉट्सअपवर फिरतं ना, ते काही परदेशी जातींबद्दल, आपल्या पूना अंजिराला फळ धरायला माशी लागतच नाही. मी ग्रुपवर लिहिलं. कोणी वाचलं नाही.

पण खरी गंमत पिकण्यात आहे. अंजीर तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही, जी काय येते ती झाडावर. आणि पूर्ण पिकलेलं फळ देठात मान टाकतं, साल तडकते, बोटाने दाबलं की बसतं. ते रात्रीच्या टेम्पोतून वाशी मार्केटला कसं पोचणार? म्हणून मामा थोडं आधीच तोडतो, पहाटे, हाताला चीक लागून खाज सुटते ते वेगळंच. पाच बाय पाच मीटरवर एकरी 160 झाडं, 2016 पासून पुरंदर अंजिराला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण आहे, सगळं आहे, फक्त मान टाकलेलं अंजीर गिऱ्हाइकाला मिळत नाही. तो ठाणे स्टेशनबाहेर खोक्यातलं जांभळं अंजीर घेतो आणि म्हणतो, छे, पूर्वीसारखी चव नाही. मामाच्या घरी सुद्धा कावळ्याने टोचलेलंच खातात, माल तो माल.

मागच्या एप्रिलमध्ये माझ्याकडे एकूण सात फळं. दोन बुलबुलने नेली, चार आम्ही खाल्ली, सातवं मोठं होतं म्हणून जाळीच्या पिशवीत बांधून ठेवलं, रोज ऑफिसला जाताना मान बघायची, अजून ताठ, अजून ताठ. त्या शनिवारी मामा वाशीला माल घालून सकाळी सातला घरी आला, चहा होईपर्यंत ग्रिलपाशी उभा राहिला, आणि मी आतून ओरडेपर्यंत पिशवी सोडून अंजीर तोंडात टाकलं सुद्धा. मन लावून चावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चांगलंय. पण अजून एक दिवस ठेवायला पाहिजे होतंस."