रकाना रिकामा, म्हणून काडतूस नाही

बाबांच्या मागे त्यांची बाराबोरी बंदूक शेती संरक्षणाच्या परवान्यावर माझ्या नावे करून घ्यायला मला पाच महिने लागले. त्यातले साडेतीन महिने एका रकान्यापायी गेले. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

सुरुवातीला माझ्या डोक्यात रायफलच होती. आमच्या वाडीत रानडुकरं कुणग्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत उतरतात, सुरणाचे वाफे उलथून टाकतात. एवढ्या दांडग्या जनावराला छर्‍यांनी काय होणार, ३१५ बोअरचीच गोळी हवी, असं मी चुलत्यांना ठासून सांगितलं. त्यांनी मला मळ्यामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर नेलं. "झिला, हय सगळो जांभो. रायफलीची गोळी दगडार आपाटली तर खय जायत सांगूक येना नाय." सड्याखाली पलीकडच्या वाडीची घरं दिसत होती. मी गप्प झालो. तसाही शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेती संरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूकच धरली आहे. ती पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, बाराबोरी त्यात बसते; रायफलीच्या नळीला आतून आटे असतात. रायफलीचा विषय तिथेच संपला.

वारस दाखला, भावंडांची संमती, पोलिसांचा अहवाल हे सगळं वेळेत झालं. नवा परवाना हातात आला तेव्हा मी फोटो आणि नाव तेवढं पाहिलं आणि सही करून घरी आलो. चूक तिथेच झाली.

काडतुसं घ्यायला शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने परवाना उलटसुलट पाहिला आणि परत दिला. एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, तो रकाना कोरा होता. "भाऊ, आकडा नसेल तर एकही देता येणार नाही." त्याचं बरोबरच होतं.

मग परवाना देणार्‍या कार्यालयाच्या फेर्‍या सुरू झाल्या. पहिल्यांदा म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. दुसर्‍यांदा साहेब बैठकीला गेलेले. तिसर्‍यांदा टेबल बदललं आणि नव्या माणसाने पोलिसांचा अहवाल पुन्हा मागवावा लागेल असं सांगितलं. एक आकडा भरायला कसला अहवाल? चौथ्यांदा माझा अर्जच सापडेना, कारण मी तो तोंडी विश्वासावर देऊन आलो होतो, पोच घेतली नव्हती. भात तेव्हा पिकायला आलं होतं. एका रात्रीत दोन कुणगे आडवे झाले. सकाळी बांधावर उभा राहिलो तेव्हा घरात बंदूक असून हात बांधल्यासारखे वाटले. आई काही बोलली नाही, फक्त लोंब्या गोळा करत राहिली.

पाचव्या फेरीला बाबांच्या जुन्या परवान्याचं आकडे असलेलं पान झेरॉक्स करून अर्जाला जोडलं, आवक शिक्का आणि क्रमांक घेतला आणि तो क्रमांक सांगत बसलो. नवव्या दिवशी काम झालं. तेव्हा परवाना खिडकीवरच शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा, सही त्यानंतर.

आता काडतुसाचं. आधी बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या. आमची जुनी, अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची निघाली. त्यात ७० चं काडतूस आत बसतं, पण बार उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. मी ६५ चं एलजी, म्हणजे मोठ्या छर्‍यांचं काडतूस घेतलं. एसजी या दुसर्‍या प्रकारातला छर्रा त्याहून थोडा लहान. पंचवीस-तीस पावलांपलीकडे एलजीही पांगतं, त्याहून लांबचा बार काढू नये, जनावर जखमी होऊन रानात शिरतं. कागदी कवचाची काडतुसं आपल्या पावसात फुगतात, प्लॅस्टिकचीच घ्या.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. डुकरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते. गवा तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर बंदूक रोखायचीच नाही.

एक राहिलंच. आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली तर पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या दोन्ही लिहून घ्या. बाबांच्या ट्रंकेत अशा सगळ्या पावत्या सुतळीने बांधलेल्या सापडल्या, जुना परवानाही त्याच गठ्ठ्यात होता.