रायतूरला, एका पोथीच्या मागावर

शिक्षिका होते तेव्हा दर २७ फेब्रुवारीला मी फळ्यावर रंगीत खडूने ही ओवी लिहायचे:

जैसी हरळांमाजीं रत्नकिळा । कीं रत्नांमाजीं हिरा निळा ।
तैसी भासांमाजीं चोखळा । भासा मराठी ॥

खाली नाव, फादर स्टीफन्स, गोव्यात आलेला इंग्रज पाद्री. मुली ती पाठ करायच्या, टाळ्या व्हायच्या. ती त्याच्या ज्या ख्रिस्तपुराणातली, म्हणजे ओवीत लिहिलेल्या ख्रिस्तकथेतली, त्यात १०,९६२ ओव्या आहेत आणि त्यातल्या फार तर दोनच मी वाचल्या होत्या, याचं मला कधी काही वाटलं नाही.

पुस्तक हातात आलं ते आईच्या शेवटच्या आजारपणात. तिला नजरेने वाचता येईना, पण पोथी ऐकल्याशिवाय झोप लागत नसे. घरातल्या पोथ्या संपल्या, पुन्हा सुरू झाल्या. एका रात्री मी कपाटातून हे पुराण काढलं आणि आमच्या चातुर्मासातल्या चालीवर लावलं: ‘ॐ नमो विश्वभरिता । देवा बापा सर्व समर्था’. चाल जराही अडली नाही. आईने डोळे मिटून दहाबारा ओव्या ऐकल्या आणि विचारलं, ‘‘ही कुठली गं पोथी?’’ म्हटलं, ‘‘गोव्याची.’’ ‘‘गोड आहे. वाच पुढे.’’ पुढचे पाच महिने आम्ही रोज वाचत होतो. येशूच्या जन्माची कथा आली तेव्हा तिने मला ती दोनदा वाचायला लावली.

ती गेल्यावर मला रायतूरला जावंसं वाटलं. इंग्रजी नकाशात त्याचं नाव राचोल. हे पुराण तिथे १६१६ साली छापलं गेलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मडगावला उतरले. स्टेशनबाहेर एक पायलट भेटला. (गोव्यात मोटारसायकलवर भाडं नेणाऱ्याला पायलट म्हणतात.) ‘‘रायतूर? सेमिनारीक?’’ एवढंच विचारून त्याने माझी पिशवी पुढे घेतली. आठेक किलोमीटरचा रस्ता. मडगाव मागे पडलं की राय गाव लागतं. रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला कोणसांचं फेस्त होतं, शेतातली भाताची पहिली कणसं कापून आशीर्वादासाठी आणतात. मी पोचले तेव्हा ते होऊन गेलं होतं, पण दोन्ही बाजूंची शेतं पोपटी उभी होती. पुढे जुवारी नदीच्या काठची खाजनं (बांध घालून राखलेली खारी शेतं), आणि मग टेकाडावर सेमिनरीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाची, पांढरी भिंत. तिच्याजवळ जुन्या किल्ल्याची कमान अजून उभी आहे.

त्या कमानीखाली मी पायलटला थांबायला सांगितलं. १५६७ साली साष्टीतली (मडगाव-रायतूरच्या या गोव्यातल्या तालुक्यातली) देवळं पाडली गेली, ती याच रायतूर किल्ल्याच्या कप्तानाच्या हाताखाली. मडगावचा देव दामोदर तेव्हा गाव सोडून गेला, तो आज जांबावलीला आहे. स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. तो लिस्बनहून निघून १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला, म्हणजे हे सगळं झाल्यानंतर बारा वर्षांनी. पुढची चाळीस वर्षं त्याने बहुतेक साष्टीतच काढली. माझ्या आईला झोपवणारी पोथी आणि ती पाडापाडी एकाच ठिकाणची आहे. मला त्यातलं एक झाकून दुसरं सांगता येत नाही, आणि स्टीफन्सलाही ते झाकता आलं नव्हतं, असं त्याचं पुस्तक वाचून वाटतं.

कारण पुराणाच्या पहिल्याच अवस्वरूत (अध्यायाला तो अवस्वरू म्हणतो) एक प्रसंग आहे. मुलांना दोत्रिन (ख्रिस्ती धर्माचे पाठ) शिकवणं चाललेलं असताना नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येतो आणि पाद्रीला म्हणतो, दोत्रिन शिकवता ते ठीक, पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? मला या माणसाने फार धरून ठेवलं. धर्म बदलला, नाव बदललं, तरी संध्याकाळी काय वाचायचं हा त्याचा प्रश्न तसाच होता. स्टीफन्सने तो ऐकला आणि उत्तर ओवीत दिलं, त्या माणसाच्या कानाला ओळखीच्या असलेल्या छंदात. शब्दही त्याने ओळखीचेच ठेवले. त्याच्या पुराणात वैकुंठ आहे, मोक्ष आहे. एका वाचकाच्या तक्रारीतून उभं राहिलेलं पुस्तक म्हणून मी ते वाचते, आणि भाषेच्या कौतुकापेक्षा मला ते मोठं वाटतं.

सेमिनरीत परवानगी मागितली. एका तरुण ब्रदरने चर्च दाखवलं. ते संत इग्नेशियसचं. वेदी सोन्याने लखलखलेली, आणि १७८२ साली रोमहून आणलेले संत कॉन्स्टंटाइनचे अवशेष. माझं मन मात्र छापखान्यात होतं. ‘‘ब्रदर, छापखाना कुठे होता?’’ ब्रदर संकोचून हसला. ‘‘त्याचं इथे आता काही नाही, मॅडम.’’

मी ते जाणूनच आले होते, तरी ऐकताना पोटात कालवलं. पुराण १६१६ ला छापलं, मग १६४९ ला, मग १६५४ ला. तिन्ही आवृत्त्या मिळून आज एकही छापील प्रत कुठे असल्याचं माहीत नाही. छपाईही रोमन लिपीतली. १६०८ च्या एका पत्रात स्टीफन्सने आपल्या वरिष्ठांकडे इथल्या अक्षरांचे ठसे पाडण्याची परवानगी मागितली होती. ही अक्षरं म्हणजे जोडून होणारे उच्चार, सहाशेच्या आसपास साचे लागतील, असा त्याचा हिशेब होता. ते ठसे काही पडले नाहीत. १६१९ मध्ये तो गेला. १६८४ मध्ये फर्मान निघालं की स्थानिक भाषा सोडा आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागा.

म्हणजे छापील प्रती गेल्या, छापखाना गेला, भाषेवर बंदी आली. तरी आईच्या उशाशी ते पुराण होतं. कसं?

वाचकांमुळे. गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून घेतलं, रोमन लिपीत, आणि मंगळूरकडच्या घरांतून वाचत राहिले. घरात बोलणं कोंकणी, वाचन मात्र या मराठी ओव्यांचं. १७८४ मध्ये टिपूने तिथल्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेलं, तेव्हा याच ओव्यांनी धीर दिला अशी त्या समाजात परंपरा आहे. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी पुराण पुन्हा छापलं, ते अशाच घरोघरच्या हस्तलिखितांवरून. एक देवनागरी हस्तलिखित लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात सापडलं. महाराष्ट्रात देवनागरी आवृत्ती यायला १९५६ साल उजाडलं, शांताराम बंडेलूंनी पुण्यात ती काढली. आपण ‘मराठीचा गौरव’ म्हणून दोन ओव्या भिंतीवर लावतो. ज्यांची घरची भाषा ही नव्हती, त्यांनी सगळ्याच्या सगळ्या ओव्या वाचवल्या. मला याची लाज वाटली, आणि त्या अनोळखी हातांबद्दल खूप माया दाटून आली.

चर्चमध्ये कोणी नव्हतं. ब्रदरला विचारलं, इथे बसून थोडं वाचलं तर चालेल का. तो म्हणाला, ‘‘मोठ्याने वाचा ना.’’ मी बाकावर बसून पहिल्या अवस्वरूच्या तीसचाळीस ओव्या आईच्या चालीवर म्हटल्या. मध्येच आवाज बसला, थांबले, पुन्हा धरला. ब्रदर शेवटपर्यंत दाराशी उभा होता. त्याने ती चाल कधी ऐकली नव्हती. त्याच्याकडे कोंकणी गायनं होती, त्यातलं एक त्याने मला हलकेच म्हणून दाखवलं.

परतताना राय तिठ्यावर एका दुकानात शंभर पानी वही घेतली. पावसाने गाडी उशिरा सुटली. खिडकीशी बसून पुस्तक मांडीवर उघडलं आणि पहिल्या ओवीपासून उतरवायला लागले. डबा हलत होता, अक्षर वेडंवाकडं येत होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘‘काय लिहिताय?’’ म्हटलं, ‘‘पोथी.’’ त्यांनी सरकून जागा करून दिली. रत्नागिरी येईपर्यंत एकतीस ओव्या झाल्या होत्या.