केळव्याचं चमकतं पाणी: नाशिकहून निघण्याआधी वाचा

पालघरजवळच्या केळव्याच्या किनाऱ्यावर रात्री निळं चमकणारं पाणी बघायला जाल, तर होडीला पैसे देऊ नका. आधी हे, बाकीचं नंतर.

किनाऱ्यावर आम्हाला सांगण्यात आलं, "पाण्यात व्हायरस पडलाय, शैवाल मरतंय. पाय घालाल तर अंगाला लागेल, होडीतूनच बघा." माणशी पाचशे रुपये. तासभर अंधारात हेलकावे खाल्ले आणि वल्ह्याभोवती चार निळ्या ठिणग्या दिसल्या. बस्स.

संताप पैशांचा कमी, त्या भीतीचा जास्त. शैवालांना व्हायरस होतो हे खरं आहे. एक मिलीलीटर समुद्राच्या पाण्यात साधारण १ कोटी व्हायरस असतात, पण शैवालांना मारणारे व्हायरस माणसाला होत नाहीत. सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण उत्तर अटलांटिकमधलं, एमिलियानिया हक्सलीचं. या चुनखडी कवचाच्या शैवालाचा बहर आला की समुद्र दुधाळ निळा होतो, उपग्रहातून दिसण्याइतका. मग त्याचा व्हायरस शिरतो. पेशीत स्वतःची स्निग्ध द्रव्यं बनवायची जनुकं तो बरोबर घेऊनच येतो, आणि ती द्रव्यं साठत गेली की पेशी स्वतःच मरणाच्या वाटेला लागते. फुटताना शेकडो नवे व्हायरस बाहेर. माशांच्या पोटात जायचं ते अन्न पाण्यात विरघळतं आणि जिवाणूंच्या वाट्याला जातं. काही पेशी मात्र रूप पालटतात, कवच टाकून पोहू लागतात, आणि त्यांच्यावर या व्हायरसचा डाव चालत नाही. मला तरी हे त्या ठिणग्यांपेक्षा कितीतरी भारी वाटतं.

आपल्याकडे चमकतो तो नॉक्टिल्यूका, एकाच पेशीचा सूक्ष्म जीव. तो दुसरी शैवालं गिळून जगतो, त्यामुळे खाणं संपलं की तोही ओसरतो. म्हणून बहराची बातमी कळली की लगेच निघा, पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. हिवाळ्यात, अमावास्येच्या आसपास. सुरूच्या बनाचे दिवे मागे टाकून घोटाभर पाण्यात पाय घोळवा. तिथे चमक नसेल तर होडीच्या नादी लागू नका. फेस बुळबुळीत आणि वास कुजका असेल तर मात्र पाण्यात उतरायचं नाही, काही शैवालं विषारी असतात.

जाताना त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड हा रस्ता धरला. मोखाडा ते जव्हार वळणांनी आणि खड्ड्यांनी जीव काढला. परत येताना तोच टप्पा रात्री केला, समोरून ट्रक, कडेला पट्टा नाही. पाणी बघून त्याच रात्री नाशिक गाठायचा बेत करू नका. केळव्यात मुक्काम करा, खोलीचं भाडं आधी ठरवा आणि उजाडल्यावरच घाट चढा.