बोका निवडताना नाक सगळ्यात शेवटी बघा

बडोद्यात पर्शियन मांजरं पाळणारे वाढले, बोके मात्र तेच ते. 'पंच फेस, ट्रिपल कोट, मेटिंगसाठी उपलब्ध' (म्हणजे चेहऱ्यात दबलेलं नाक, दाट केस) असा मेसेज ग्रुपवर पडतो आणि दांडिया बाजारची भाटी (मांजरी), मांजलपूरची भाटी, अलकापुरीची भाटी, सगळ्या एकाच बोक्याच्या दारात. दीड-दोन वर्षांत त्यांची पिल्लं मोठी होतात, मालक एकमेकांना ओळखत नसतात, आणि ध्यानीमनी नसताना सावत्र भावंडांची जोडी लागते.

म्हणून आधी वही करा. एका मांजराला एक पान: आई, बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मायक्रोचिपचा नंबर, रक्तगट, तपासण्या. नात्याचा हिशेब कॅल्क्युलेटरशिवाय जमतो. जोडीतल्या दोघांचा समाईक पूर्वज शोधा, बोक्यापासून त्या पूर्वजापर्यंत आणि तिथून भाटीपर्यंत साखळी लिहा, आणि साखळीतली मांजरं मोजा. जितकी मांजरं, तितक्या वेळा शंभराचं निम्मं करत जा. राजा आणि चिमी दोघांचा बाप सुलतान असेल तर राजा, सुलतान, चिमी अशी तीन मांजरं. ५०, २५, १२.५ टक्के. बाप-लेकीच्या साखळीत दोनच, म्हणजे २५. सुलतान राजाचा बाप आणि चिमीच्या आईचा बाप असेल तर चार, म्हणजे ६.२५. समाईक पूर्वज दोन असतील तर दोन्ही साखळ्यांची बेरीज करायची; सख्ख्या भावंडांचा आकडा २५ येतो तो असा. ६.२५च्या वरची जोडी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दोनच पिढ्या माहीत असताना हिशेब शून्य आला, तर खूश होऊ नका. ते शून्य मांजरांचं नाही, वहीचं आहे. वेतात पिल्लं कमी होऊ लागली, जन्मलेली धड जगेनाशी झाली, की रक्त जवळ आल्याची शंका घ्यायची.

आजारांचं गणित याहून वेगळं. पर्शियनमधला पीकेडी, म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार, एका बाजूने आला तरी पुरतो. दोन्हीकडून आलेलं पिल्लू पोटातच जातं, त्यामुळे जिवंत आजारी मांजरात दोषी जनुकाची एकच प्रत असते आणि निरोगी जोडीदार दिला तरी त्या मांजराची सरासरी निम्मी पिल्लं आजारी निघतात. फसगत अशी की गाठी जन्मापासून असल्या तरी हळूहळू वाढतात. मांजर पाणी जास्त पिऊ लागून वाळायला लागेपर्यंत सहा-सात वर्षं जातात आणि तोवर त्याची नातवंडंही व्यालेली असतात. सोनोग्राफी दहा महिन्यांनंतर करा, त्याआधीच्या 'क्लिअर'वर विसंबू नका. गालाच्या आतल्या नमुन्यावरची डीएनए चाचणी कोणत्याही वयात चालते, फक्त पिल्लू नुकतंच दूध प्यायलेलं नको, नाहीतर नमुन्यात आईच्या पेशी येतात. पीकेडी निघाला तर त्या मांजराचं नसबंदीचं ऑपरेशन करून त्याला घरात लाडाने ठेवा, जोडीला लावू नका.

पर्शियन पिल्लांना काही महिन्यांतच आंधळं करणारा दृष्टिपटलाचा आजार मात्र दोन्हीकडून आला तरच होतो. नुसतं वाहक, म्हणजे दोष एकाच बाजूने आलेलं मांजर ठणठणीत असतं. इथे लोक उलटी चूक करतात, रिपोर्टमध्ये 'कॅरियर' दिसलं की मांजर बाद. आधीच चार बोके, त्यातला एक कमी झाला की उरलेल्या तिघांवर भार. वाहक बोका गुणी असेल तर त्याला पूर्ण क्लिअर भाटी द्या. एकही पिल्लू आजारी होणार नाही, सरासरी निम्मी वाहक असतील, आणि उरलेल्या क्लिअर पिल्लांतून पुढचा बोका निवडा.

रक्तगटाचं कुणी विचारतच नाही. मांजरांत ए, बी आणि क्वचित एबी असे गट असतात. पर्शियन आणि ब्रिटिश शॉर्टहेअरमध्ये बी सापडतो. बी गटाच्या भाटीला ए गटाचा बोका दिला की ए गटाची पिल्लं छान जन्मतात, पहिलं चीक-दूध पितात आणि त्यातल्या आईच्या अँटीबॉडी त्यांच्याच रक्तपेशी फोडतात. लघवी लालसर तपकिरी होते, पिल्लू चोखायचं थांबतं, वाचलंच तर शेपटीचं टोक काळं पडून गळतं. मग 'नजर लागली' म्हणतात. बी भाटीला बी बोकाच द्या. चुकून जोडी लागलीच तर पहिले २४ तास पिल्लं आईला पिऊ देऊ नका, ए गटाच्या दुसऱ्या व्यालेल्या भाटीचं किंवा मांजरांसाठीच्या दूध-पावडरचं दूध पाजा, मग खुशाल आईकडे. उलट जोडीत, भाटी ए आणि बोका बी, सहसा काही होत नाही.

आता पंच फेस. नाकाच्या मऊ भागाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर गेलेला बोका माझ्या यादीतून जातो. नाकपुड्या चिरेसारख्या, अश्रूनलिका वाकडी, दात गर्दी केलेले, आणि पिल्लांच्या गोल मोठ्या डोक्यांमुळे भाटी वेताच्या वेळी अडते. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे गेला की हेच मांजर तोंड उघडून धापा टाकतं. स्कॉटिश फोल्डबद्दल तर वाद नको: कान ज्या दोषाने दुमडतो तोच दोष सगळ्या सांध्यांच्या कूर्चेत असतो. सरळ कानाची जोडी देऊनही दुमडलेल्या कानाच्या पिल्लाचे सांधे सुटत नाहीत.

नवीन रक्त हवं असेल तर गल्लीतली निरोगी देशी भाटी घ्या. लोक नाक मुरडतात, पण कागद तसेही कुणाकडे नाहीत. लांब केस दोन्हीकडून यावे लागतात, म्हणून पहिली पिढी आखूड केसांची. तिला नात्यात नसलेला पर्शियन दिला की सरासरी निम्मी पिल्लं लांब केसांची आणि तोंडाने माणसात आलेली. आणण्याआधी एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांतल्या संसर्गजन्य विषाणूंची चाचणी, लसीकरण आणि तीन आठवडे वेगळी खोली.

वेळेचं म्हणाल तर दिवस मोठा होऊ लागला की भाट्या माजावर येतात, म्हणजे नेमकं उत्तरायणात, पतंगांच्या दिवसांत, जेव्हा अगाशीचं (गच्चीचं) दार दिवसभर उघडं. मांजरीचं बीज सहसा जोडी लागल्यावरच सुटतं, म्हणून एकाच माजात दोन बोके भेटले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात आणि वही खोटी ठरते. ठरलेल्या बोक्याकडून परत आल्यावरही माज उतरेपर्यंत तिला कोंडून ठेवा. मला सप्टेंबरची जोडी पसंत. साधारण ६५ दिवसांनी, नोव्हेंबरात पिल्लं येतात आणि उन्हाळ्याआधी अंगाने भरतात. पहिल्या आठवड्यात खोका ३० अंशांच्या आसपास ठेवा. जन्माचं वजन १०० ग्रॅमच्या मागेपुढे असतं, रोज निदान १० ग्रॅम वाढायला हवं. किचनच्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. एक दिवस घटलं तर डॉक्टर.

भाटीला वर्षात एक वेत पुरे, पहिलं दीड वर्षाच्या सुमारास. पिल्लं बारा आठवड्यांआधी देऊ नका, आणि पाळायला दिलेल्यांचं ऑपरेशन लेखी ठरवून घ्या. वर्षाने प्रत्येक घरी फोन करून सोनोग्राफी विचारा. 'गाठी दिसल्या' असं उत्तर आलं तर ते आधी पिल्लाच्या आईबापांच्या पानावर लाल शाईने लिहा, आणि मग त्याच बोक्याकडे भाटी पाठवलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी कळवा.