शक्ती नाही, नुसत्या वह्या

परवा रात्री ब्रँडन सँडरसनची 'स्टीलहार्ट' ही कादंबरी संपवली. २०१३ चं पुस्तक, म्हणजे मी भलताच लेट, असो.

आकाशात कॅलॅमिटी नावाचा लाल तारा उगवतो आणि साध्यासुध्या माणसांना अचानक शक्ती मिळायला लागतात. पण सुपरहिरो वगैरे कोणी होत नाही, सगळे माजतात. आपला हिरो डेव्हिड आठ वर्षांचा असताना शिकागोच्या एका बँकेत स्टीलहार्ट नावाचा असाच एक शक्तीवाला त्याच्या बाबांना मारतो, आणि कशासाठी तर बाबांनी त्याला चांगला समजून दुसऱ्याच गुंडावर झाडलेली गोळी त्याच्या गालाला चाटून गेली आणि रक्त आलं म्हणून! ज्याला कशानेच काही होत नाही त्याचं रक्त, आणि ते बघून जिवंत राहिलेला एकटा हा पोरगा.

मग दहा वर्षं हा काय करतो? कुणी गुरू भेटत नाही, काही नाही, हत्यारांच्या कारखान्यात राबतो आणि वह्या भरतो. कुणाकडे कुठली शक्ती, कोण कुणाचा माणूस. कारण प्रत्येकाची काहीतरी एक कमजोरी असतेच, त्यात लॉजिक शोधू नका. फॉर्च्युइटी नावाच्या एका शक्तीवाल्याला धोका आधीच कळतो पण समोरची बाई आवडली की गणित गंडतं, इथे मी खिदळलो. मी पण नववीत प्रत्येक बॅट्समन कसा आउट होतो ते वहीत लिहायचो, आई म्हणायची एवढं भूगोलात लक्ष घातलं असतंस तर. त्यामुळे हा आपला माणूस वाटला. लहानपणी फास्टर फेणे आवडायचा पण त्याच्या वाट्याला निदान साधे गुंड तरी होते.

खरं टोचलं ते स्टीलहार्टच्या ताब्यातलं शिकागो शहर. सगळं स्टीलचं झालंय, वर कायमचा अंधार, पण लाइट आहे, नोकऱ्या आहेत, बाहेरच्यापेक्षा बरं चाललंय म्हणून लोक गप्प. रेकनर्स नावाची एक छोटी टोळी सोडली तर लढायला कुणीच नाही. आणि लोकांचं तसं चूकही वाटत नाही, हाच तर त्रास आहे ना.

डेव्हिडच्या उपमा मात्र महाभयंकर, मुद्दामच तशा आहेत, त्यालाही माहितीये, तरी पन्नासएक पानांनंतर मला पुरे झालं.

स्टीलहार्टची कमजोरी काय ते विचारू नका, सांगणार नाही. मी तीनदा अंदाज बांधला, तिन्ही चुकले. तेही वहीत लिहून.